पकडला गेला, पण केव्हा?

मराठीत चोर पकडला जातो, मासा पकडला जातो, खोटं पकडलं जातं आणि कबड्डीतला चढाईपटूही पकडला जातो. चौघांना आपण एकच क्रियापद लावतो, आणि त्यातली थोडी लाज चौथ्यालाही चिकटते. दूरचित्रवाणीवरचा समालोचक ‘आणि पकडला गेला!’ म्हणतो तेव्हा त्याच्या आवाजात आश्चर्य असतं आणि किंचित ठपकाही असतो. मैदानाच्या कडेला बसलेले जाणते त्यात आपली भर घालतात: ‘काय गरज होती आत जायची?’ हा प्रश्न ते उत्तराच्या अपेक्षेने विचारत नाहीत. प्रश्नातच निकाल लागलेला असतो.

या लेखात तो प्रश्न खरोखरचा प्रश्न म्हणून घ्यायचा आहे. काय गरज होती? गुणफलक काय होता, घड्याळ काय सांगत होतं, समोर किती गडी उभे होते, आधीच्या दोन चढायांचं काय झालं होतं? ही उत्तरं हाती आल्याशिवाय पकडीचा आकडा निरर्थक आहे, एवढंच म्हणून थांबणं सोपं आहे. पण मुद्दा त्याच्या पुढचा आहे. संदर्भ काढून टाकलेला आकडा बऱ्याचदा नेमकं उलटं सांगतो. जबाबदारी घेणारा त्यात बेजबाबदार दिसतो आणि अंग चोरणारा भरवशाचा दिसतो.

प्रो कबड्डी लीग २०१४ साली सुरू झाली आणि कबड्डीकडे बघण्याची आपली नजर बदलली. मातीचा खेळ मॅटवर आला, चढाईला तीस सेकंदांचं दिसणारं घड्याळ लागलं आणि पडद्याच्या खालच्या पट्टीत आकडे धावू लागले. एकूण चढाया, यशस्वी चढाया, चढाईचे गुण, यशाचं प्रमाण. ‘काय पोरगं आहे’ एवढ्या एका वाक्यावर पूर्वी भागत होतं. आता वाद घालायला काहीतरी हाताशी आलं, हे चांगलंच झालं. पण पट्टीवरच्या आकड्यांना एक खोड असते. ते सगळ्या चढाया एकाच मापाने मोजतात. सामन्याच्या तिसऱ्या मिनिटाला सात गड्यांसमोर केलेली चढाई आणि एकोणचाळिसाव्या मिनिटाला दोन गुणांनी मागे असताना केलेली चढाई या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पट्टीवर मात्र दोन्ही म्हणजे ‘एक चढाई’.

चढाईतून तीनच गोष्टी निघू शकतात. गुण मिळतो, चढाई रिकामी जाते किंवा चढाईपटू बाद होतो. वरवर पाहता पहिली चांगली, दुसरी बरी, तिसरी वाईट. बहुतेक प्रेक्षक आणि काही निवडकर्तेही याच क्रमाने विचार करतात. खेळाच्या नियमांनीच हा क्रम मोडला आहे, हे त्यांच्या लक्षात येत नाही.

नियम असा. एखाद्या संघाच्या लागोपाठ दोन चढाया रिकाम्या गेल्या की तिसऱ्या चढाईत गुण मिळवावाच लागतो. नाही मिळाला तर चढाईपटू बाद आणि समोरच्या संघाला एक गुण. लीगने या चढाईला ‘डू ऑर डाय’ म्हटलं. आपल्याकडच्या मैदानांवर ती ‘तिसरी चढाई’ म्हणून ओळखली जाते. आता या चढाईत पकडला गेलेल्या गड्याचा हिशेब मांडू. तो पकडला गेला तर संघ एक गुण गमावतो आणि एक गडी बाहेर जातो. तो न झुंजता, वेळ काढून, निदान रेषा ओलांडून सुखरूप परत आला तरी संघ एक गुण गमावतो आणि एक गडी बाहेरच जातो. समोर तीन किंवा त्याहून कमी गडी असले की यशस्वी पकडीला दोन गुण मिळतात, तो अपवाद सोडू. एरवी तिसऱ्या चढाईतल्या पकडीची जास्तीची किंमत शून्य असते. त्या गड्याने जे गमावलं ते त्याने मध्यरेषा ओलांडली तेव्हाच गमावलेलं होतं. फक्त तो ते परत मिळवू शकत होता.

आकड्यांत पाहू. समजा एका चढाईपटूला दहा वेळा तिसऱ्या चढाईला पाठवलं. चार वेळा त्याने एकेक गुण आणला, सहा वेळा तो पकडला गेला. पट्टीवर हे वाईट दिसेल: दहापैकी सहा वेळा बाद. पण त्या दहा चढायांत काहीच केलं नसतं तर संघ दहा गुणांनी मागे गेला असता. त्याने चार कमावले आणि सहा दिले, म्हणजे संघ दोनच गुणांनी मागे गेला. कागदावर सहा पकडी आणि हिशेबात आठ गुणांची बचत.

आता त्याच गड्याला त्याच यशाच्या प्रमाणात दहा साध्या चढायांना पाठवा. पुन्हा चार गुण आणि सहा पकडी. इथे रिकामं परतण्याची तात्काळ किंमत शून्य होती, आणि त्याने संघाला दोन गुणांनी मागे नेलं. दोन्हीकडे गडी तोच, आकडा तोच. पहिला संघ वाचवणारा ठरतो आणि दुसरा आततायी. पट्टीला हा फरक दिसत नाही.

त्याहून अडचणीची गोष्ट म्हणजे तिसऱ्या चढाया आकाशातून पडत नाहीत. त्यांच्या आधीच्या दोन रिकाम्या चढाया कुणीतरी केलेल्या असतात. समजा एका संघाच्या मुख्य चढाईपटूने अठरा चढाया केल्या. सहा यशस्वी, दहा रिकाम्या, दोनदा बाद. दुसऱ्या फळीतल्या पोराने नऊ चढाया केल्या. चार यशस्वी, पाच वेळा बाद. लोक म्हणतील, मुख्य गडी कसा शांत डोक्याने खेळतो, आणि हा दुसरा निम्म्याहून जास्त वेळा सापडतो. पण मुख्य गड्याच्या दहा रिकाम्या चढाया जोडीजोडीने आल्या असतील, तर त्यातून पाच तिसऱ्या चढाया जन्माला आल्या, आणि त्या पाचही दुसऱ्याच्या गळ्यात पडल्या. पहिल्याचा स्वच्छ आकडा दुसऱ्याच्या मळलेल्या आकड्यातून तयार झाला. यात लबाडी असेलच असं नाही. प्रमुख चढाईपटूला मैदानावर टिकवणं आणि जोखीम दुसऱ्याला देणं ही प्रशिक्षकाची मान्य चाल आहे. चाल म्हणून ती योग्यही असू शकते. पण मग जोखीम उचलणाऱ्याला जोखमीचा हिशेब लावू नये, इतकी तरी न्यायबुद्धी हवी.

हा प्रश्न फक्त कबड्डीचा नाही. अमेरिकेत त्यांच्या फुटबॉलमध्ये क्वार्टरबॅक नावाच्या खेळाडूभोवती हीच चर्चा पिढ्यानपिढ्या चालली आहे. तो चेंडू फेकतो, आपल्या गड्याने तो झेलायचा असतो. प्रतिस्पर्ध्याने मध्येच झेलला तर त्याला इंटरसेप्शन म्हणतात, आणि तो डाग फेकणाऱ्याच्या नावावर लागतो. मग आपल्या गड्याच्या हातावर आपटून चेंडू उडालेला असला तरीही. त्या खेळातही एक तिसरी चढाई आहे, फक्त ती चौथी आहे. दहा यार्ड पुढे सरकायला संघाला चार प्रयत्न मिळतात आणि चौथा फसला की चेंडू प्रतिस्पर्ध्याकडे जातो. चौथ्या प्रयत्नात लांब फेकलेला चेंडू प्रतिस्पर्ध्याने झेलला किंवा तो जमिनीवर पडला, दोन्हीत चेंडू जायचा तो जातोच. नोंद मात्र पहिल्याचीच होते.

त्या खेळात सर्वाधिक इंटरसेप्शनचा विक्रम ब्रेट फार्वच्या नावावर आहे, ३३६. हाच फार्व लागोपाठ तीन वर्षं लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला होता. जो नेमथने कारकिर्दीत १७३ टचडाउन फेकले आणि २२० इंटरसेप्शन दिले, तरी तो त्या खेळाच्या मानाच्या दालनात आहे. पेटन मॅनिंगने १९९८ साली, पहिल्याच हंगामात, २८ इंटरसेप्शन दिले. नवख्या खेळाडूने इतके देण्याचा तो विक्रम होता. संघ दुबळा होता आणि सतत मागे पडत होता. मागे पडलेल्या संघाला फेकावंच लागतं. त्या आकड्यावरून त्याला बाकावर बसवलं असतं तर पुढचा मॅनिंग घडला नसता. आकडा खोटा नव्हता. तो एका पोराबद्दल काहीतरी सांगत होता आणि एका संघाबद्दल त्याहून जास्त सांगत होता. वाचणाऱ्याने कुणाबद्दलचं वाक्य वाचायचं, एवढाच प्रश्न होता.

‘मागे पडलेल्या संघाला फेकावंच लागतं’ हे वाक्य कबड्डीत तसंच्या तसं लागू पडतं. आपण म्हणतो, चढाईपटू पकडले गेले म्हणून सामना हरलो. अनेकदा क्रम उलटा असतो. सामना हातातून निसटत होता म्हणून चढाईपटू पकडले गेले.

२३ ऑगस्ट २०१८ रोजी जकार्तात आशियाई स्पर्धेच्या उपांत्य सामन्यात भारताचा पुरुष संघ इराणकडून १८-२७ असा हरला. १९९० साली बीजिंगमध्ये कबड्डी या स्पर्धेत आली, तेव्हापासून सात स्पर्धांत भारताने सातही सुवर्णपदकं जिंकली होती. त्यामुळे हा पराभव देशभर घराघरात लागला. संघात अजय ठाकूर, प्रदीप नरवाल, राहुल चौधरी, मोनू गोयत, आपला मुंबईचा रिशांक देवाडिगा अशी चढाईपटूंची रांगच होती. रिशांकने आदल्याच वर्षी लीगच्या एका सामन्यात २८ गुण घेतले होते. प्रदीपने त्याच हंगामात चढाईचे ३६९ गुण कमावले होते. असे गडी असताना अठराच गुण? सगळ्यांनी एकसुरात म्हटलं, चढाईपटूंनी माती केली.

खरंच, त्या दिवशी भारताचे चढाईपटू इराणी बचावात वारंवार अडकले. पण दोन गोष्टी त्या वाक्यात बसत नाहीत. पहिली म्हणजे कर्णधार अजय ठाकूरला डोक्याला मार लागला आणि त्याला मैदान सोडावं लागलं. दुसरी गोष्ट कबड्डीच्या यंत्रणेची आहे. आपल्या बचावाला पकडी मिळत नसतील तर बाहेर बसलेले गडी परत येत नाहीत. गडी परत आले नाहीत तर चढाईला पर्यायी माणूस उरत नाही. तोच तो थकलेला गडी पुन्हा जातो, आणि मागे असल्यामुळे त्याला रिकामं परतणं परवडत नाही. पकडींचा ढीग ज्या बाजूला दिसतो, त्याचं कारण कित्येकदा मैदानाच्या दुसऱ्या टोकाला असतं. जकार्तातल्या एकेका चढाईची अशी झाडाझडती कुणी घेतली असती तर काही पकडी चढाईपटूंच्या खात्यावर राहिल्या असत्या आणि काही बचावाच्या, काही नियोजनाच्या खात्यावर गेल्या असत्या. आपण सगळ्या एकाच पोत्यात भरल्या.

तेही पूर्ण खरं नाही. काही पकडी कुणाच्याच चुकीच्या खात्यावर जात नाहीत. त्या इराणच्या बचावपटूंच्या कर्तबगारीच्या खात्यावर जातात. मराठीतल्या ‘पकडला गेला’ या रचनेत पकडणारा गायब असतो. फझल अत्राचलीसारखा डावा कोपरारक्षक पाय रोवून थांबतो, चढाईपटूचा तोल नेमका कुठल्या क्षणी पुढच्या पायावर येतो ते ओळखतो आणि घोट्याला मगरमिठी घालतो. ती पकड हे वर्षानुवर्षं घोटलेलं काम असतं. लीगमध्ये पकडींचे सर्वाधिक गुण मिळवणाऱ्यांत तो उगाच अग्रभागी नाही. अशा माणसाने पकडलं तर ‘तू सापडलास’ म्हणण्यापेक्षा ‘त्याने पकडलं’ म्हणणं जास्त खरं आहे. वाक्याचा कर्ता बदलला की दोषाचा पत्ताही बदलतो.

आता नोंद न होणाऱ्या गोष्टीकडे वळू. पकड दिसते. धूळ उडते, शिट्टी वाजते, गडी मान खाली घालून बाहेर जातो. पण जी चढाई करायला हवी होती आणि केली नाही, ती कुणाला दिसते? संघ पाच गुणांनी मागे आहे, चार मिनिटं उरली आहेत आणि चढाईपटू निदान रेषेपुढे दोन पावलं टाकून, हात हलवून, सत्ताविसाव्या सेकंदाला परत येतो. त्याची नोंद ‘रिकामी चढाई’ अशी होईल. नाबाद. डाग नाही. प्रत्यक्षात त्याने तीस सेकंद प्रतिस्पर्ध्याला फुकट दिले आणि पुढच्या साथीदाराच्या डोक्यावर ओझं ठेवलं.

क्रिकेटमध्ये याचं अस्सल मराठमोळं उदाहरण आहे. ७ जून १९७५ला, पहिल्या विश्वचषकाच्या पहिल्याच दिवशी, लॉर्ड्‌सवर इंग्लंडने साठ षटकांत ४ बाद ३३४ धावा केल्या. उत्तरात सुनील गावसकर पूर्ण साठ षटकं खेळला. १७४ चेंडू, ३६ धावा, नाबाद. भारत ३ बाद १३२. त्या डावाची कारणं काय, यावर तेव्हापासून चर्चा चालू आहे, आणि पुढे गावसकर यांनी स्वतःही त्याबद्दल खेद व्यक्त केला. या लेखापुरता मुद्दा एवढाच की धावपत्रिकेत त्या छत्तीसांपुढे नाबादची खूण आहे आणि त्या खुणेने त्या डावाची लाज तसूभरही झाकली जात नाही. बाद न होणं हे यश आहे की नाही, ते ज्या कामासाठी मैदानात उतरलात त्यावर ठरतं. क्रिकेट आपल्याला हे पन्नास वर्षांपासून कळतं. शेवटच्या षटकात सीमारेषेवर झेलबाद झालेल्या फलंदाजाला कुणी शिव्या घालत नाही. कबड्डीत हीच समज आणायला आपण का कचरतो, कोण जाणे.

आणखी एक गल्लत निर्णय आणि परिणाम यांच्यात होते. १ फेब्रुवारी २०१५ रोजी अमेरिकी फुटबॉलच्या अंतिम सामन्यात सिअ‍ॅटलचा संघ चार गुणांनी मागे होता, विजयरेषा एका यार्डावर होती आणि तीस सेकंदही उरले नव्हते. चेंडू घेऊन ढकलत आत घुसण्याऐवजी फेकायचं ठरलं. रसेल विल्सनने फेकला, न्यू इंग्लंडच्या माल्कम बटलरने झेलला आणि सामना संपला. त्या चालीला आजवरची सर्वांत मूर्ख चाल म्हणणारे लाखो आहेत. पण फेकलेला चेंडू जमिनीवर पडला असता तर घड्याळ थांबलं असतं आणि आणखी प्रयत्न उरले असते. म्हणजे निर्णयामागे हिशेब होता. तो पटो न पटो, फेक फसली एवढ्यावरून हिशेब चुकीचा ठरत नाही. शिवाय चाल प्रशिक्षकांकडून आली होती. डाग मात्र विल्सनच्या नावावर लागला.

याची दुसरी बाजू आपण हांगझोऊत पाहिली. ७ ऑक्टोबर २०२३, आशियाई स्पर्धेचा अंतिम सामना, पुन्हा भारत आणि इराण. २८-२८ अशी बरोबरी, शेवटचं एखादं मिनिट, आणि पवन सेहरावतची तिसरी चढाई. पवन कुणालाही स्पर्श न करता राखीव क्षेत्रात गेला, म्हणजे तो स्वतःच्या पायाने बाद झाला. पण त्याच्यामागे इराणचे बचावपटूही त्या क्षेत्रात गेले. कुठला नियम लावायचा यावर एवढा गोंधळ झाला की खेळ बराच वेळ थांबला. अखेर भारताला तीन आणि इराणला एक गुण मिळाला आणि भारताने ३३-२९ने सुवर्णपदक जिंकलं. ती चढाई चांगली होती की वाईट? पायांचं काम पाहिलं तर फसलेली. गुणफलक पाहिला तर सोन्याची. आपण दुसरं उत्तर घेतलं, कारण आपण जिंकलो. त्याच चढाईवर पंचांनी उलट निर्णय दिला असता तर आजही आपण ‘काय गरज होती कडेला जायची?’ म्हणत बसलो असतो. पवनचे पाय दोन्ही वेळा तिथेच पडले असते.

इथवर वाचून कुणी म्हणेल, मग काय, प्रत्येक पकडीला संदर्भाची शाल पांघरायची आणि सगळ्यांना सोडून द्यायचं? तसं नाही. संदर्भ म्हणजे सबब नव्हे. उलट, संदर्भ नीट लावला की काही पकडी आहेत त्याहून जास्त दोषी ठरतात. एका गुणाने पुढे असताना, शेवटच्या मिनिटात, रिकामी चढाई सोन्यासारखी असताना हात मारण्याच्या मोहाने आत शिरलेला गडी कितीही मोठा असो, त्या पकडीला माफी नाही. बोनस रेषेवर पाय टाकून गुण मिळाल्यावर, मागे फिरायचं सोडून एका स्पर्शाच्या हावेपायी अडकणारा गडी एक गुण घेतो, एक देतो आणि वर स्वतः बाहेर जातो. बोनसने संघाचा बाहेर बसलेला गडी परत येत नाही, पकडीने मात्र समोरच्याचा येतो. म्हणजे एकास एक ही बरोबरी नसते, तोटाच असतो. आणि त्याच कोपऱ्यात, त्याच बचावपटूच्या हाती, त्याच पद्धतीने तिसऱ्यांदा सापडणारा गडी शिकत नाही, असं खुशाल म्हणावं. अनुप कुमारची थोरवी याच ठिकाणी होती. तो बोनसचा बादशहा म्हणून ओळखला गेला तो केवळ पाय लांब होते म्हणून नाही. कधी आत जायचं आणि कधी हसत परतायचं, हे त्याला गुणफलकावरून कळायचं.

तेव्हा पकड तोलायची तर चार प्रश्न पुरेत. एक, त्या क्षणी रिकामं परतण्याची किंमत काय होती? दोन, त्याला त्या जागी कुणी आणून ठेवलं, त्याच्या स्वतःच्या हावेने की आधीच्या दोन चढायांनी? तीन, पकड त्याच्या चुकीमुळे झाली की समोरच्याच्या कसबामुळे? चार, तो बाहेर गेल्यावर संघाकडे दुसरा कोण होता? चौथा प्रश्न आपण सहसा विसरतो. ज्या संघाचा सारा भार एकाच चढाईपटूवर आहे, त्याची एक पकड पुढच्या चार रिकाम्या चढाया घेऊन येते. १ मार्च २०२४ला हैदराबादेत हरियाणा स्टीलर्सला २८-२५ असं हरवून विजेतेपद घेणाऱ्या पुणेरी पलटणकडे कर्णधार अस्लम इनामदारसोबत मोहित गोयत, आकाश शिंदे, पंकज मोहिते असे चढाईला जाणारे तिघे-चौघे होते. त्या अंतिम सामन्यात एकाच चढाईत चार गुण आणले ते पंकजने. अशा संघात एखादा पकडला गेला तरी घर कोसळत नाही, त्यामुळे प्रत्येकजण मोकळ्या मनाने चढाईला जाऊ शकतो. पकडीची किंमत संघाच्या रचनेतही ठरते.

एवढा काथ्याकूट कशासाठी, असं वाटू शकेल. प्रदीप किंवा पवनला याने काही फरक पडत नाही. त्यांच्यामागे शेकडो चढाया आहेत, एका सामन्यातला अन्याय पुढच्यात बुजतो. लीगच्या लिलावात २०२३ साली पवनवर दोन कोटी साठ लाखांहून जास्त बोली लागली, ती एका संध्याकाळच्या पकडी मोजून लागलेली नाही. फरक पडतो तो खाली, आमच्याकडे, छत्रपती संभाजीनगरसारख्या शहरात आणि त्याच्या भोवतालच्या पैठण, गंगापूर, वैजापूर, कन्नडच्या गावांत. इथल्या पोराच्या वाट्याला शेकडो चढाया येत नाहीत. जिल्हा संघाच्या निवड चाचणीत त्याला अनोळखी सहा जणांबरोबर उभं करतात आणि त्याच्या वाट्याला चार-पाच चढाया येतात. त्यातल्या दोन तिसऱ्या चढाया असल्या आणि दोन्हींत तो सापडला, तर बाकावरच्या वहीत त्याच्या नावापुढे काय लिहिलं जाईल?

आणि त्या वहीवर बरंच काही अवलंबून असतं. जिल्हा संघातून राज्य स्पर्धा, राज्य स्पर्धेतून राष्ट्रीय, आणि त्या प्रमाणपत्रावर नोकरी. महाराष्ट्रात शासकीय नोकऱ्यांत गुणवंत खेळाडूंसाठी पाच टक्के आरक्षण आहे. पोलीस, रेल्वे, बँका यांचे संघ आहेत. दोन एकर कोरडवाहूच्या घरातल्या पोरासाठी कबड्डी हा छंदाबरोबरच पगाराकडे जाणारा रस्ता असतो. मुलींसाठी तर कित्येकदा घराबाहेर पडायचा तोच एक मान्य रस्ता असतो. त्या रस्त्यावर दोन पकडींमुळे कुणी मागे फिरत असेल, तर त्या कुठल्या पकडी होत्या हे विचारणं ही चैन नाही.

निवड चाचणीतली मुलं आंधळी नसतात. कुठल्या गोष्टीला शिव्या पडतात आणि कुठली खपून जाते, हे त्यांना दोन दिवसांत समजतं. पकडलं गेल्यावर ओरडा बसतो आणि रिकामं परतल्यावर कुणी काही बोलत नाही, असं दिसलं की पोरं रिकामी परतायला शिकतात. तिसऱ्या चढाईच्या वेळी बुटाची नाडी बांधायला वाकतात, नजर चुकवतात. मग जो भाबडा असतो किंवा ज्याला संघाची खरंच पडलेली असते, तो पुढे होतो, पकडला जातो आणि गळतो. चुकीच्या मोजमापाने चुकीची माणसं निवडली जातात, एवढ्यावर हे थांबत नाही. त्याने चुकीची माणसं घडवलीही जातात.

उपाय खर्चिक नाही. गुण लिहिणाऱ्याच्या शेजारी एक माणूस बसवावा. त्याने प्रत्येक चढाईपुढे तीन गोष्टी टिपाव्यात: कितवी चढाई, समोर किती गडी, गुणफलक काय. शाळेच्या शंभरपानी वहीत अख्खी चाचणी मावेल. मग संध्याकाळी नावं ठरवताना ‘हा पाच वेळा सापडला’ याऐवजी ‘हा पाच वेळा सापडला, त्यातल्या चार तिसऱ्या चढाया होत्या आणि त्या करायला दुसरं कुणी पुढे आलं नाही’ असं वाक्य तयार होईल. या दुसऱ्या वाक्यातल्या मुलाला संघात घ्यायचं की नाही, यावर खुशाल वाद घालावा. तो निदान खेळाबद्दलचा वाद असेल.

‘चढेल तो पडेल’ अशी आपल्याकडे म्हण आहे. ती बहुधा धीर देण्यासाठी जन्माला आली असावी, पण आपण ती टोमण्यासारखी वापरतो. चढाईपटूच्या बाबतीत तिचा अर्थ अक्षरशः घ्यायला हवा. जो चढतो तोच पडतो, आणि न चढणारा पडत नाही, एवढ्यावरून तो भरवशाचा ठरत नाही. पुढच्या वेळी एखादं पोर मान खाली घालून मैदानाबाहेर येईल तेव्हा त्याच्याकडे बघायच्या आधी फलकाकडे बघावं, घड्याळाकडे बघावं, आणि बाकीचे सहाजण त्या वेळी कुठे बघत होते, तेही बघावं.